आराखडा कुठून सुरू करायचा?

(संघटनेच्या जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढं विषय लिहिला आहे 'गावविकासाचा आराखडा'. तो वाचून मागच्या रांगेतले दोघं-तिघं चहाला उठले, ते मी पाहिलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आराखडा म्हणजे काय ते आपल्याला पाठ झालं आहे. ग्रामसेवक (आता त्याचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, काम तेच) यादी वाचतो, सरपंच मान हलवतो, रजिस्टर फिरतं, सह्या होतात. यादीत सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवा, आणि पैसे उरले तर नाली. २०१५ पासून 'आमचं गाव, आमचा विकास' या नावानं हे चाललं आहे. नाव चांगलं आहे. पण पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी जो निधी दिला, त्यातला ६० टक्के पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांच्याशी आधीच बांधलेला होता. म्हणजे गाव आमचं, विकास आमचा, पण दहातले सहा रुपये कुठं खर्चायचे ते आधीच ठरलेलं.

मी आज तुम्हाला समुद्रावर नेणार आहे. ज्या भागात उन्हाळ्यात टँकरमागं बायका धावतात, तिथं समुद्राची गोष्ट कशाला, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. मच्छीमाराची मासळी आणि आपला कापूस यांची कुंडली एक आहे. पिकवणारा एक, भाव बोलणारा दुसरा. उलट मच्छीमाराचं आपल्यापेक्षा कठीण. आपण कापूस घरात भरून महिना-दोन महिने थांबू शकतो, पोराबाळांच्या अंगाला खाज सुटली तरी. मासळी सकाळी किनाऱ्याला लागली की दुपारपर्यंतही थांबत नाही.

केरळमध्ये कोल्लम शहराजवळ अष्टमुडी खाडीच्या तोंडाशी नींडकरा आणि शक्तिकुळंगरा अशी दोन गावं आहेत. १९५२ मध्ये भारत सरकार, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला आणि १९५३ पासून या भागात एक मोठा प्रकल्प सुरू झाला. देशातल्या समुद्रकाठच्या गावाचा इतका नीट आखलेला आराखडा त्याआधी क्वचितच झाला असेल. दवाखाना, नळाचं पाणी, बर्फाचा कारखाना, होड्या बांधायचं यार्ड, इंजिनाच्या होड्या, नव्या जाळ्या. नॉर्वेची माणसं प्रामाणिक होती, पैसा खरा होता, दवाखाना खरोखर चालला. हेतू असा होता की लाकडाच्या साध्या होडीतून मासे मारणाऱ्या गरीब मच्छीमारानं वर यावं.

मग झालं काय? त्याच सुमाराला अमेरिकेच्या बाजारात गोठवलेल्या कोळंबीला भाव आला. कोळंबी समुद्राच्या तळाशी असते, ती ओढून काढायला इंजिनाची होडी आणि तळ खरवडणारं जाळं लागतं. होडी मच्छीमारासाठी आणली होती, पण होडी चालवायला भांडवल लागतं आणि माल विकायला व्यापारी लागतो. ही दोन्ही ज्यांच्या हातात होती त्यांच्याकडं हळूहळू ट्रॉलर गेले. त्या दोन गावांतल्या काही घरांचं भलं झालं, ते नाकारणं खोटेपणा होईल. पण केरळच्या बाकी किनाऱ्यावरच्या साध्या मच्छीमाराच्या वाट्याला काय आलं? त्याच्याच समुद्रात दुसऱ्याचा ट्रॉलर, फाटलेली जाळी आणि घटलेली मासळी. १९७० आणि ८० च्या दशकांत याच कारणावरून त्या किनाऱ्यावर माणसं एकमेकांच्या अंगावर गेली.

यादी चुकीची नव्हती. दवाखाना नको असं कोण म्हणेल? पण मासळी विकली कशी जाते, हा प्रश्न यादीच्या आधी विचारायला हवा होता.

मी हे मोठ्या तोंडानं सांगतो आहे, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे. शेतीची पदवी घेऊन मी एका संस्थेत लागलो तेव्हा एका गावाचा पाणलोटाचा आराखडा माझ्याकडं होता. समतल चर, बांध, दगडी नाला, सगळं मोजून-मापून. शिवारफेरी काढली, नकाशे रांगोळीनं काढले, फोटो झाले. विहिरींना पाणी वाढलं, हे खरं. चार वर्षांनी पुन्हा गेलो तर एका कास्तकारानं मला त्याच्या ओसरीवर बसवून विचारलं, "साहेब, पऱ्हाटी दोन क्विंटल जास्त झाली, पण पोरीच्या लग्नाचं कर्ज आहे तेवढंच आहे, असं कसं?" मी त्याचा हिशोब मांडला. बियाणं, खत, फवारणी एकाच दुकानातून उधारीवर. कापूस त्याच दुकानदाराच्या काट्यावर. उधारीचा दर त्याचा, वजन त्याचं, भाव त्याचा. माझ्या बांधांनी पाणी अडलं होतं, ते वाढीव दोन क्विंटल मात्र त्या काट्यावरून परस्पर गेले होते. त्या ओसरीवरून उठताना मला माझ्या नकाशांची लाज वाटली.

आता दुसरी गोष्ट. तिरुवनंतपुरमच्या उत्तरेला समुद्रावर मरियनाड नावाची वस्ती आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांच्या पुढाकारानं, तिथं गरीब मच्छीमार कुटुंबांना आणून वसवलं गेलं. सामाजिक काम करणारी काही माणसं त्या वस्तीतच राहायला गेली. त्यांत नलिनी नायक होत्या, पुढं मच्छीमारांच्या चळवळीत देशभर ज्यांचं नाव झालं. सुरुवात तिथंही घरं, आरोग्य, बायांची मंडळं अशीच झाली. पण ही माणसं तिथं राहत होती म्हणून त्यांना सकाळी किनाऱ्यावर काय चालतं ते दिसलं.

तिथं कमिशनवर मासळी विकणारा मध्यस्थ असतो, त्याला तिकडं तरकन म्हणतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की मच्छीमाराच्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा हा पैसे देतो. जाळं फाटलं, हा पैसे देतो. व्याज सांगत नाही. फक्त एक अट घालतो की तुझी होडी लागली की मासळीचा लिलाव मी करणार. मग लिलावात कमिशन त्याचं, घेणारे व्यापारी त्याच्या ओळखीचे, आणि मच्छीमाराला रोख कधी मिळणार तेही तोच ठरवणार. कर्ज फिटलेलं त्यालाच नको असतं. फिटलं तर लिलावाचा हक्क जातो! आपल्या कृषी केंद्रवाल्याचा हा सख्खा भाऊ म्हणायला हरकत नाही.

मरियनाडच्या लोकांनी १९६० चं दशक संपत असताना ठरवलं की लिलाव आपण करायचा. एवढंच. होड्या नव्या नाहीत, इमारत नाही. किनाऱ्याच्या वाळूवर मासळीचा पहिला सौदा होतो, तो आपल्या माणसानं बोलायचा. व्यापाऱ्यांनी ते मुकाट्यानं मान्य केलं नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पण लोक हटले नाहीत आणि त्यातून त्यांची सोसायटी उभी राहिली.

आता सोसायटी म्हटल्यावर तुमच्या तोंडावर हसू आलं. महाराष्ट्रात सहकार म्हटलं की माणूस आधी खिसा चाचपतो, मला ठाऊक आहे. केरळातही आधीपासून सरकारी धर्तीच्या मच्छीमार सोसायट्या होत्या आणि त्यांतल्या कितीतरी व्यापारी-सावकारांच्याच खिशात होत्या. मरियनाडचं वेगळेपण दोन नियमांत आहे. ते नीट ऐका, कारण माझ्या भाषणातला कामाचा भाग हाच आहे.

पहिला नियम, सभासद तोच जो स्वतः समुद्रात जातो. व्यापारी नाही, पुढारी नाही, बाहेरगावी राहणारा मालकही नाही. आपल्याकडं सोसायटीचे अर्धे सभासद ज्यांनी वखर धरला नाही असे, त्याच्याशी तुलना करा.

दुसरा नियम असा की विक्री, बचत आणि कर्ज एकाच ठिकाणी बांधलेलं. लिलाव सोसायटीचा माणूस करतो. येणाऱ्या रकमेतून ठरलेला टक्का सोसायटीच्या खर्चाला, ठरलेला टक्का मच्छीमाराच्या नावावर बचतीला, आणि कर्ज असेल तर ठरलेला टक्का कर्जफेडीला जातो. बाकी त्याच्या हातात. म्हणजे कर्जाचा हप्ता त्या दिवशीच्या मासळीशी बांधलेला आहे. मासळी भरपूर आली, हप्ता मोठा. होडी रिकामी आली, त्या दिवशी हप्ता नाही. आपल्या पीककर्जाला तारीख असते, पाऊस आला काय न आला काय, तारीख हलत नाही. समुद्रात जाणाऱ्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या माणसांनी जे कर्ज शोधलं ते आपल्या बँकांच्या मोठमोठ्या समित्यांना सुचलं नाही.

हे पाहून शेजारच्या गावांनी तशाच सोसायट्या काढल्या, त्यांचा जिल्हा संघ झाला, आणि १९८० मध्ये दक्षिण भारतातल्या अशा संघांचा एक महासंघ उभा राहिला. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून सिफ्स म्हणतात. ओंडके बांधून केलेल्या होडीसाठी लाकूड मिळेनासं झालं तेव्हा प्लायवूडच्या होड्या बांधायचं काम, मग इंजिनं आणि त्यांची दुरुस्ती, असं एकेक काम पुढं आलं. प्रकल्प नंतर आले, आधी लिलाव आला.

बायांचं मात्र या सोसायटीनं आपोआप सुटलं नाही. किनाऱ्यावरून मासळी घेऊन डोक्यावर पाटी ठेवून बाजारात जाणाऱ्या बाया, त्यांना वास येतो म्हणून बसमध्ये घेत नसत. त्यांनी वेगळा झगडा केला तेव्हा सरकारनं मासळीवाल्या बायांसाठी खास बस सुरू केल्या. पुरुषांनी केलेल्या कुठल्याच आराखड्यात ती बस नव्हती. आपल्याकडं वेचणीवाल्या बाईला विचारलं तर ती आराखड्यात काय लिहील, हे इथल्या किती जणांना ठाऊक आहे?

आणि गैरसमज नको. लिलाव हातात आला म्हणून ट्रॉलर थांबले नाहीत. त्यासाठी केरळच्या मच्छीमारांना स्वतंत्र संघटना बांधून रस्त्यावर यावं लागलं, १९८४ मध्ये मोठं आंदोलन करावं लागलं, तेव्हा कुठं १९८८ पासून पावसाळ्यात ट्रॉलरबंदी सुरू झाली. इंजिनं आली तसा इंधनाचा खर्च वाढला आणि नवी कर्जंही झाली. मरियनाडच्या वर थोड्या अंतरावर मुदलप्पोळी इथं सरकारनं बंदर बांधलं, तिथं खाडीच्या तोंडाशी वाळू साचते, होड्या उलटतात, अनेक मच्छीमारांचे जीव गेले आहेत. त्याचा अभ्यास करायचं काम आपल्या पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल संशोधन केंद्राकडं आलं. बंदर बांधण्याआधी त्या लाटांतून रोज जाणाऱ्या माणसाचं ऐकलं असतं तर, असं मनात येतंच.

आपलंही तसंच आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं कापसावरचा ११ टक्के आयात कर त्या वर्षाअखेरपर्यंत काढून टाकला. असे निर्णय तुमच्या गावच्या आराखड्यानं थांबत नाहीत. ती लढाई संघटनेची आहे आणि ती चालूच राहील. पण ती जिंकली तरी तुमच्या गावच्या काट्यावर जे जातं ते जातच राहील.

किती जातं? समजा गावात १२० घरं कापसाची, घरटी १५ क्विंटल. झाले १,८०० क्विंटल. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. खेडा खरेदीत ७,७०० नं विकला असं धरा. क्विंटलमागं ४१० रुपये, गावाचे ७ लाख ३८ हजार. वर क्विंटलला एक किलो कडता कापला तर १८ क्विंटल कापूस, म्हणजे आणखी १ लाख ३८ हजार ६००. वाहतूक-हमाली वजा करा, खरेदी केंद्रावर ट्रॅक्टर उभा ठेवल्याचे दिवस वजा करा. तरी जे उरतं ते तुमच्या ग्रामपंचायतीच्या निधीशेजारी ठेवून बघा. आणि उधारीचं व्याज मी यात धरलेलंच नाही.

हमीभावानं का विकत नाही? बारा टक्क्यांच्या वर ओल असली की केंद्रावर माल नाकारतात. पैसा लगेच हवा असतो. आणि काही जण आधीच बांधले गेलेले असतात. मग आराखड्यात काय यायला पाहिजे? गावचा स्वतःचा काटा. ओल मोजायचं यंत्र. कापूस वाळवायला सार्वजनिक पक्कं खळं. ज्वारीसाठी कोरडं गोदाम, कारण बाजार समित्यांची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. जिथं ती चालते तिथं ज्वारी ठेवून कर्ज मिळतं आणि सुगीच्या पडत्या भावात विकावं लागत नाही. ही कामं सभामंडपापेक्षा स्वस्त आहेत. उद्घाटनाला मात्र शोभत नाहीत, एवढी अडचण आहे.

म्हणून आज ठराव नको, काम ठरवू. प्रत्येक तालुक्यानं दोन गावं घ्यायची. गावात बारा घरं. त्यांत चार घरं दोन एकरांच्या आतली, दोन भूमिहीन मजुरांची, आणि प्रत्येक घरात हिशोब सांगताना बाई समोर बसलेली असली पाहिजे. गेल्या हंगामात उधारी कुणाकडून घेतली, किती दरानं, माल कुणाच्या काट्यावर गेला, कडता किती, पैसे किती दिवसांनी हातात आले, एवढ्या पाचच गोष्टी लिहायच्या. दुकानदाराचं नाव लिहायचं नाही, भांडण आपल्याला आत्ताच करायचं नाही. सीतादहीच्या आत, वेचणी सुरू व्हायच्या आधी, त्या वह्या घेऊन इथं पुन्हा बसू, आणि मग ग्रामसभेत कोणती कामं मांडायची ते ठरवू.

कोऱ्या वह्या दारापाशी टेबलावर ठेवल्या आहेत. जे चहाला गेले त्यांच्याही वाट्याच्या घेऊन जा.