कामगारांची सुटी आणि समुद्रकाठचे एक गाव



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले की तो पगार, बोनस आणि संप यांवरच बोलणार, अशी लोकांची समजूत असते. ती अगदीच चुकीची आहे असे नाही. आज मात्र आम्ही सुटीवर बोलणार आहोत. कामगार-शिक्षणाच्या एका अभ्यासवर्गासाठी काही आठवडे इंग्लंडात राहण्याचा योग आम्हांला आला होता. वर्ग मँचेस्टरला भरे. विद्यार्थी वीसेक; पण विद्यार्थी म्हणजे कोवळी पोरे नव्हेत. घाना, बांगलादेश, श्रीलंका अशा ठिकाणच्या संघटनांतून आलेली, कानशिले पांढरी झालेली माणसे. एका शनिवार-रविवारी हा सगळा मेळा ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावी सहलीस गेला. तिथे जे पाहिले आणि त्यामागचे जे पुढे वाचून काढले, ते आपल्यापुढे ठेवतो.

ब्लॅकपूल हे इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, लँकेशायर परगण्यात आहे. समुद्र करड्या रंगाचा, आणि वारा असा की छत्री उघडायची सोय नाही. परंतु गावाचा थाट जुन्या जत्रेचा. समुद्रात लांबवर गेलेले तीन धक्के. पहिला १८६३ चा, दुसरा १८६८ चा, तिसरा १८९३ चा. त्यांच्यावर नावा लागत नाहीत, माणसे हवा खात हिंडतात. किनाऱ्याने ट्राम धावते. ती १८८५ पासून विजेवर चालते. आणि मध्यभागी १५८ मीटर उंचीचा लोखंडी मनोरा. पॅरिसचा आयफेल मनोरा पाहून आलेल्या इथल्या नगराध्यक्षाने हट्ट धरला आणि १८९४ साली हा उभा राहिला. मनोऱ्याच्या पोटात नृत्याचा प्रचंड दिवाणखाना आहे. सोनेरी नक्षी, झुंबरे, चित्रांनी भरलेले छत. दुपारच्या वेळी बाजाच्या सुरांवर सत्तरीतली जोडपी शांतपणे नाचत होती.

आमच्यातल्या बांगलादेशी सोबत्याने विचारले, "भाई, हा महाल राजाचा की शेठचा?" आमचे शिक्षक हसून म्हणाले, "दोघांचाही नाही. गिरणीतल्या बायकापुरुषांच्या सहा-सहा पेन्सांवर हा उभा आहे." त्या एका वाक्यासाठी सहल सार्थकी लागली असे आम्हांला वाटते.

अठराव्या शतकात इथे थोडे धनिक समुद्रस्नानासाठी येत. १८४६ साली आगगाडी आली आणि लँकेशायरच्या कापडगिरण्यांतला कामगार येऊ लागला. त्याची सुटी कशी मिळाली, ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तिकडे प्रत्येक गावच्या चर्चचा वार्षिक उत्सव असे. आपल्या ग्रामदैवताच्या जत्रेसारखाच. त्याला 'वेक्स' म्हणत. गिरण्या आल्या तरी लोकांनी जत्रा सोडली नाही. त्या दिवसांत कामगार कामावर फिरकतच ना. शेवटी मालकांनी हिशेब केला की अर्ध्या माणसांवर गिरणी चालवण्यापेक्षा ती बंद ठेवून बॉयलर साफ करून घ्यावेत. अशा रीतीने दोन-चार दिवसांचा पुढे आठवडा झाला. एका आठवड्यात बोल्टन बंद, पुढे केव्हा बर्नली, आणखी पुढे ओल्डहॅम. धुरांडी थंड आणि अख्खे गाव ब्लॅकपूलला. तेच शेजारी, तीच साच्यावरची जोडीदारीण; फक्त समोर यंत्राऐवजी समुद्र.

परंतु ही सुटी बिनपगारी होती, हे ध्यानात ठेवा. कामगार वर्षभर दर आठवड्याला थोडे थोडे पैसे गिरणीतल्या किंवा मोहल्ल्यातल्या मंडळात साठवीत. आपल्याकडे भिशी चालते, तसाच प्रकार. सुटीच्या तोंडावर ती रक्कम हाती येई आणि परतताना खिसा रिकामा होई. उतरायला घरगुती खाणावळी. तिथली रीत मोठी मौजेची होती. पाहुण्यांनी आपला शिधा स्वतः विकत आणायचा आणि घरमालकिणीने तो शिजवून द्यायचा. मीठ-मिरपुडीच्या भांड्याचा वापर बिलात वेगळा लावीत, आणि त्यावरून लोक पिढ्यान्‌पिढ्या विनोद करीत. पण तीच कुटुंबे वर्षानुवर्षे त्याच घरी उतरत, हेही खरे.

१९३७ पासून काही तरुण निरीक्षक बोल्टनमध्ये राहून सामान्य माणसांच्या दिनक्रमाची टिपणे घेत होते. त्यांत विद्यार्थीही होते. कामगार सुटीवर निघाले तशी ही मंडळीही वह्या घेऊन त्यांच्यामागे ब्लॅकपूलला गेली. कामगाराची सुटीसुद्धा अभ्यासाचा विषय आहे, हे त्यांनी ओळखले. आमची टोळी तेच करीत होती. फरक इतकाच की आमच्यातले बहुतेक स्वतःच कामगार होते.

१९३८ साली पगारी रजेचा कायदा झाला. ब्रिटिश कामगार संघटनांनी त्यासाठी वर्षानुवर्षे ठराव केले होते आणि अनेक धंद्यांत करार करून ती आधीच मिळवली होती. या कायद्याने किमान वेतन ठरविणाऱ्या मंडळांना आठवड्याची पगारी रजा देण्याचा अधिकार दिला. लगेच युद्ध आले, त्यामुळे खरा लाभ १९४५ नंतर झाला. त्याच १९४५ च्या मे महिन्यात याच ब्लॅकपूलमध्ये मजूर पक्षाचे अधिवेशन भरले होते. चर्चिलबरोबरचे संयुक्त सरकार पुढे चालवायचे नाही, ही भूमिका तिथे पक्की झाली. निवडणूक झाली, अॅटली पंतप्रधान झाले, आणि १९४७ साली त्यांच्याच कारकिर्दीत आपण स्वतंत्र झालो. जत्रेचे गाव म्हणून त्याला हसू नये, ते याकरिता.

आता आपल्याकडे वळू. लँकेशायर आणि मुंबई हे एकाच धंद्यातले प्रतिस्पर्धी. मुंबईच्या गिरण्या तासांचे बंधन न पाळता स्वस्त माल काढतात, ही लँकेशायरच्या मालकांची तक्रार होती, आणि हिंदुस्थानात कारखान्यांचा कायदा व्हावा या मागणीमागे त्यांचा हा स्वार्थही होता. पण कामगारांसाठी कामगारांतून बोलणारा माणूस इथेच निघाला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्याला एक दिवस सुटी मागितली. रविवार हा आपल्या खंडोबाचा वार, हेही त्यांनी मांडले. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत कामगारांची प्रचंड सभा झाली. तीत दोन स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुटी आली. आपण ज्या रविवारी आरामात उशिरा उठतो, तो रविवार आकाशातून पडलेला नाही.

१९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी लँकेशायरमधील डार्वेन येथे गेले होते. परदेशी कापडावरील बहिष्काराची झळ तिथल्या कामगारांना लागली होती. तरी त्या बायकामाणसांनी त्यांचे हसतमुखाने स्वागत केले. ते छायाचित्र प्रसिद्ध आहे. उपाशी माणसाला दुसऱ्याची भूक कळते, दुसरे काय?

पण ब्लॅकपूलची सगळी गोष्ट गोड नाही. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडत गेल्या. स्वस्त विमानाने स्पेनच्या उन्हात जाता येऊ लागले. त्या जुन्या खाणावळींपैकी कित्येकींच्या आता एकेका खोलीची भाड्याची बिऱ्हाडे झाली आहेत. इंग्लंडमधल्या सर्वांत हलाखीच्या गावांत आज ब्लॅकपूलची गणना होते. मागच्या गल्ल्यांत रंग उडालेले दरवाजे आणि फळ्या ठोकलेल्या खिडक्या पाहताना आम्हांला परळ-लालबागची आठवण झाली. १९८२ च्या संपानंतर आमच्याही गिरणगावात अशीच शांतता पसरली होती. आम्ही उतरलो त्या हॉटेलात खोल्या झाडणारी बाई म्हणाली, "पुढच्या आठवड्यात किती तास काम मिळेल ते आम्हांला रविवारी रात्री कळते." कामगारांच्या सुटीवर वाढलेल्या गावात कामगारालाच सुटी मागायची सोय राहिली नव्हती. एकाची सुटी हे दुसऱ्याचे काम असते, हे आपण नेहमी विसरतो.

आणखी एक गोष्ट सांगतो. वाळूत मुलांना फिरवायला तिथे गाढवे असतात. त्यांच्यासाठी १९४२ पासून नगरपालिकेचे नियम आहेत. सकाळी दहाच्या आधी काम नाही, संध्याकाळी सातनंतर नाही, दुपारी एक तास विश्रांती आणि आठवड्याला एक दिवस, शुक्रवारी, पूर्ण सुटी. आमचे घानाचे सोबती ती पाटी वाचून पोट धरून हसले. मग एकदम गप्प झाले आणि म्हणाले, "माझ्या संघटनेच्या करारात अजून एवढे नाही."

श्रोतेहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी भांडी-धुण्याला बाई येते. ती एक दिवस आली नाही तर आपण त्याला 'खाडा' म्हणतो आणि काही घरांत पैसे कापतो. आपल्या इमारतीचा पहारेकरी बारा-बारा तास उभा असतो. दारात जेवणाचे डबे आणून देणाऱ्या मुलाला थांबला की त्या दिवसाची कमाई नाही. उसाच्या फडात कोयता घेऊन उभ्या असलेल्या जोडप्यालाही खाड्याचा दंड बसतो. गाढवाला शुक्रवार आहे. या माणसांना कोणता वार आहे?

लोक म्हणतात, सुटी दिली तर ही माणसे ती दारूत घालवतील. इंग्लंडचे गिरणीमालकही हेच म्हणत. त्याच माणसांनी पैसा पैसा साठवून मुलाबाळांना समुद्र दाखवला. सुटीचे काय करावे हे ज्याचे त्याला ठरवू द्या. मालकाने फक्त ती द्यावी, आणि पगारासकट द्यावी.

कायदे व्हावेत, संघटना व्हाव्यात, ती आमची जबाबदारी आहे आणि आम्ही ती टाळणार नाही. पण एक गोष्ट कायद्यावाचून आजच होण्यासारखी आहे. घरी गेल्यावर आपल्या कामवाल्या बाईंना विचारा, "बाई, आठवड्यातला कोणता दिवस तुमचा?" त्या सांगतील तो वार भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहून ठेवा आणि त्या दिवसाचे पैसे कापू नका.