काडतूस दातांनी कसे तोडायचे?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



नववीच्या वर्गात १८५७ चा उठाव शिकवीत होतो. चरबी लावलेली काडतुसे शिपायांना दातांनी तोडावी लागत, हे वाक्य नेहमीप्रमाणे सांगून टाकले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. घाटकोपरच्या भंगारवाल्याकडून आणलेली पितळेची रिकामी पुंगळी त्याच्या हातात होती. म्हणाला, “सर, हे दातांनी कसे तुटेल?” वर्ग हसला. उत्तर माझ्याजवळ नव्हते. दहा वर्षे मी ते वाक्य शिकवीत आलो होतो!

वास्तविक एन्फिल्ड बंदुकीचे तेव्हाचे काडतूस कागदाचे होते. कागदाच्या सुरळीत दारू आणि शिशाची गोळी. शिपायाने टोक दातांनी फाडायचे, दारू नळीच्या तोंडातून आत ओतायची आणि गोळी कागदासकट गजाने ठासायची. नळीला आतून पीळदार खाचा. गोळी सहज सरकावी म्हणून कागदाला वंगण. ते गाईच्या व डुकराच्या चरबीचे, असा बोलबाला झाला आणि हिंदू-मुसलमान शिपाई एकदमच दुखावले. पुढे, वंगण तुमचे तुम्ही लावा, कागद बोटांनी फाडा, अशा सवलती सरकारने दिल्या. पण उडालेला विश्वास सवलतींनी परत येतो थोडाच!

दहाच वर्षांत स्नायडर बंदुकीसाठी पातळ पितळी पत्र्याचे काडतूस निघाले. ते मागून भरायचे. दातांचे कामच संपले. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. १८८८ मध्ये ‘थ्री-नॉट-थ्री’ काडतूस आले. नळीचा व्यास इंचाच्या हजार भागांपैकी ३०३ भाग, एवढाच त्या नावाचा अर्थ. नोव्हेंबर २००८ मध्ये सीएसटी स्थानकावर काही पोलिसांच्या हाती याच जातीच्या बंदुका होत्या.

मुलाच्या पुंगळीच्या तळाशी बारीक खुणा होत्या: के, एफ, ७ आणि ४३. के एफ म्हणजे किर्की फॅक्टरी, अर्थात आपली खडकी. ४३ म्हणजे १९४३, ऐन महायुद्धाचे साल. सात म्हणजे १९१० चा टोकदार गोळीचा सातवा नमुना.

पालकांना एक विनंती. पुंगळीच्या तोंडाशी गोळी बसलेली असेल तर मुलांना हात लावू देऊ नका. पोलीस चौकीत कळवा. जुनी दारूही पेटते, आणि परवान्याशिवाय जिवंत काडतूस बाळगणे गुन्हा आहे.

आमची पुंगळी रिकामीच होती. ती आता इतिहासाच्या कपाटात आहे. तळाची अक्षरे वाचायची असतील त्यांनी भिंग घेऊन यावे.