‘दुखतोय’ आणि ‘तटतटतोय’
(अकादमीच्या वार्षिक मेळाव्यात शिक्षक, लेखक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मला आज ‘बृहन्महाराष्ट्रातील मराठीचे भवितव्य’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. या विषयावर मी गेल्या वीस वर्षांत इतक्या वेळा बोललो आहे की, तीच वाक्यं पुन्हा म्हणायची आता लाज वाटते. म्हणून परवानगी घेऊन मी तुम्हाला एका रात्रीची हकिकत सांगणार आहे. ती एका दवाखान्यातली आहे, पण ती भाषेची हकिकत आहे, असं माझं मत झालं आहे. त्या रात्री माझ्या हातून एक चूक झाली. ती वैद्यकातली नव्हती, भाषांतरातली होती.

मी बडोद्याचा. आमचं घराणं पाच पिढ्या तिथे आहे. एकतीस वर्षं मी मराठी शिकवलं आणि गुजराती कथांचे मराठी अनुवाद केले. घरात मराठी, दारात गुजराती, बँकेत हिंदी, नातवंडांच्या शाळेत इंग्रजी, असं आमचं चौपदरी जगणं आहे. या खोलीतल्या बहुतेकांचं तसंच असणार. गुजरातीच्या जागी कुणाची कानडी असेल, कुणाची कोकणी, कुणाची तेलुगू.

माझी नात खो-खो खेळते. बडोद्यात हे काही नवल नाही. खो-खोचे नियम लेखी स्वरूपात बांधण्याचं काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत पुणे आणि बडोदे इथल्या जिमखान्यांनी केलं. जुम्मादादा व्यायाममंदिर आणि प्रोफेसर माणिकराव ही नावं आमच्याकडे अजून आदरानं घेतली जातात. निखळलेले सांधे बसवण्यातही माणिकरावांची ख्याती होती. द. चिं. मुजुमदार यांच्या संपादनाखाली व्यायाम ज्ञानकोशाचे दहा मराठी खंड तयार झाले, तेही बडोद्यातच. म्हणजे शरीराबद्दल मराठीत नेमकं बोलण्याची परंपरा आमच्या गावाला आहे. हे मी अभिमानानं अनेक भाषणांत सांगितलं होतं. त्याचा उपयोग करायची वेळ आली तेव्हा काय झालं, ते आता ऐका.

डिसेंबरातला शनिवार होता. राज्य संघाच्या निवडीआधीचा शेवटचा सामना. नात चौदा वर्षांची. समोरची मुलगी खांबाला वळसा घालून निसटत होती. हिनं खांबापाशी सूर मारला आणि त्याच क्षणी दुसरी एक खेळाडू तोल जाऊन हिच्या पायावर पडली. मी प्रेक्षकांत होतो. हाड मोडल्याचा आवाज सुक्या काटकीसारखा येतो असं वाचलं होतं. तो तसाच येतो.

प्रशिक्षक शहाणे होते. पाय चोळू दिला नाही, उभंही करू दिलं नाही. दोन पट्ट्या आणि ओढणी घेऊन पाय आहे तसा बांधला. कुणीतरी पाणी आणि लिंबू-साखर आणली, तीही नको म्हणाले. शस्त्रक्रिया करावी लागली तर पोट रिकामं हवं. १०८ला फोन केला आणि सव्वासहापर्यंत आम्ही एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात पोहोचलो. सौभाग्यवती घरून थेट तिथे आल्या. मुलगा आणि सून त्या दिवशी गावाबाहेर होते, मध्यरात्र उलटल्यावर पोहोचले. म्हणजे घरचं माणूस म्हणून आम्ही दोघंच.

क्ष-किरण चित्रात नडगीचं हाड मोडलेलं स्पष्ट दिसलं. तिथले तरुण डॉक्टर परप्रांतातले होते. हिंदी आणि इंग्रजी बोलत. त्यांनी प्लास्टरची अर्धी पट्टी लावली, वरून कापडी पट्टी गुंडाळली, सकाळी शस्त्रक्रिया करू म्हणाले. मग नातीला विचारलं, “दस में से कितना दर्द है?” ती म्हणाली, “पाँच.”

या पाचाबद्दल मी पुढे पुष्कळ विचार केला. ती खेळाडू आहे. खेळाडू रडत नाही, हे तिला सातव्या वर्षापासून शिकवलेलं. शिवाय निवड डोळ्यांसमोर होती. आठ म्हणाले तर मोठं काहीतरी निघेल आणि संघातून नाव जाईल, असं तिला वाटत होतं. हे तिनंच नंतर सांगितलं. आकडा असा सांभाळून सांगता येतो.

रात्री साडेनऊच्या सुमारास ती आजीला म्हणाली, “आजी, पाय तटतटतोय गं.”

सौभाग्यवती मला म्हणाल्या, “अहो, डॉक्टरांना सांगा, पाय तटतटतोय म्हणून.”

मी गेलो. डॉक्टर एका अपघातग्रस्त माणसाला टाके घालत होते. मी म्हणालो, “डॉक्टरसाहब, बच्ची को दर्द हो रहा है.” ते म्हणाले, हाड मोडलं आहे, दुखणारच; सिस्टरना इंजेक्शन द्यायला सांगतो. इंजेक्शन दिलं गेलं. मी कर्तव्य केल्याच्या समाधानात बाकावर येऊन बसलो.

साडेदहाला सौभाग्यवती पुन्हा आल्या. “तुम्ही नीट सांगितलंत का?”

“सांगितलं. दुखतंय म्हणून सांगितलं.”

“दुखतंय नव्हे हो. तटतटतंय.”

“तेच ते,” मी म्हणालो.

मित्रहो, एकतीस वर्षं मराठी शिकवलेल्या, अनुवादाबद्दल व्याख्यानं देत फिरणाऱ्या माणसाचं हे उत्तर. तेच ते.

गळू पिकून फुटायच्या बेताला आलं की ते तटतटतं. बाळंतिणीचं दूध बाळानं ओढलं नाही की तिची छाती तटतटते. आत काहीतरी भरत चाललं आहे, बाहेर पडायला वाट नाही आणि वरचं आवरण आता आणखी ताणलं जाणार नाही, एवढं सगळं त्या एका क्रियापदात आहे. ‘दुखणं’ या शब्दात यातलं काहीही नाही.

आणि नातीच्या पायात अक्षरशः तेच चाललं होतं. ते मला नंतर मोठ्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. गुडघ्याखालच्या पायाचे स्नायू चार कप्प्यांत असतात. त्या कप्प्यांची आवरणं चिवट असतात, ताणली जात नाहीत. हाड मोडलं की आत रक्त साठतं, स्नायू सुजतात आणि कप्प्यातला दाब वाढत जातो. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि स्नायू व नसा उपाशी मरू लागतात. याला ‘कंपार्टमेंट सिंड्रोम’ म्हणतात. फसवणारी गोष्ट ही की, त्या वेळी पावलावरची नाडी लागू शकते आणि बोटं गुलाबी दिसू शकतात. सुरुवातीला बोलतं ते मुख्यतः दुखणंच: मोडलेल्या हाडाच्या मानानं जास्त, औषधाला न जुमानणारं, वाढत जाणारं, पायाची बोटं दुसऱ्यानं हलवली की असह्य होणारं. तिथे तास मोजायचे असतात. सहा तासांच्या आसपास गेले की झालेलं नुकसान बहुधा भरून येत नाही. म्हणजे त्या तासांत सगळ्यात महत्त्वाचं काय, तर रुग्ण आपल्या दुखण्याबद्दल काय शब्द वापरतो. तो शब्द नातीनं उच्चारला होता. मी तो वाटेत सांडला.

पावणेबाराला नात म्हणाली, “आजी, अंगठ्याच्या बेचक्यात बधिर लागतंय.” आता मात्र सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या उठल्या आणि सिस्टरांकडे गेल्या. सिस्टर केरळच्या. यांना हिंदी जेमतेम, त्यांना मराठी मुळीच नाही. यांनी सलाइनची एक भरलेली पिशवी उचलली, दोन्ही तळहातांत घट्ट दाबली, ती टणक झालेली पिशवी सिस्टरांच्या बोटांना लावली, मग नातीच्या पायाकडे हात केला. नंतर स्वतःचा अंगठा आणि शेजारचं बोट फाकवून मधल्या जागेवर टिचकी मारली आणि ‘काही नाही’ अशी मान हलवली.

सिस्टरांनी पोटरीला हात लावला आणि धावतच डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टरांनी नातीच्या पायाचा अंगठा हलकेच खाली वाकवला. पाच म्हणणारी ती मुलगी अशी किंचाळली की सगळा विभाग थबकला. पट्टी, प्लास्टर, आतला कापूस, सगळं त्वचेपर्यंत कापून काढलं. तेवढ्यानं भागलं नाही. एकच्या सुमारास तिला आत नेलं. पोटरीच्या दोन्ही बाजूंनी छेद देऊन चारी कप्पे मोकळे केले. हाड जुळवलं. जखमा काही दिवस उघड्याच ठेवाव्या लागल्या, मग टप्प्याटप्प्यानं बंद केल्या.

पाय वाचला. आज ती चालते, सरळ रेषेत धावतेही. पण उजव्या पायाचा अंगठा पूर्ण वर उचलला जात नाही आणि त्या बेचक्यात अजून संवेदना कमी आहे. आपण दोन तास आधी बोललो असतो तर हे टळलं असतं का, असं मी मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते सज्जन गृहस्थ. “असं सांगता येत नाही,” म्हणाले. पण ते माझ्याकडे बघून बोलले नाहीत.

मला त्या तरुण डॉक्टरांना दोष द्यायचा नाही. त्यांच्या हातात चार रुग्ण होते आणि त्यांना मी ‘दर्द’ एवढाच शब्द दिला होता. तेवढ्या शब्दावर जे करायचं ते त्यांनी केलं.

डॉक्टर लोकांनाही हा प्रश्न पडलेला आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. रुग्ण दुखण्याला जे शब्द वापरतात त्यांतले ७८ शब्द त्यांनी २० गटांत लावले. ठणकणारं वेगळं, भाजणारं वेगळं, टोचणारं वेगळं. दुखणं किती हे पुरेसं नाही, कसं हेही कळलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. हे वाचल्यावर मी वहीत मराठी शब्द लिहायला बसलो. ठणका, कळ, चमक, उसण, सल, रग, वांब, पेटके, मुंग्या, चुरचुर, आग, भगभग, कसकस, ओढ, जडपणा, बधिरपणा. एका संध्याकाळी चाळीसच्या वर शब्द झाले. त्यांतले निम्मे सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून सांगितले. नातीला विचारलं, तर तिला त्यांतले अकरा माहीत होते. तिच्या वर्गातल्या मराठी घरच्या मैत्रिणींना त्याहूनही कमी.

म्हणून मी भवितव्याबद्दल बोलायचं टाळलं. पुढच्या पिढीनं मराठी कविता वाचाव्यात असं मलाही वाटतं. पण त्याआधी तिला स्वतःचं दुखणं नेमकं सांगता यायला हवं. आणि ते सांगितल्यावर पलीकडच्या भाषेत ते तितकंच नेमकं पोहोचवणारा माणूस घरात असायला हवा. आपण सीमेवर आणि परप्रांतात राहणारे लोक. हे पोहोचवण्याचं काम आपल्यातला प्रत्येक जण रोज करतो आणि निम्म्या वेळा ‘तेच ते’ म्हणून उरकतो.

शेजारभाषेतही सापळे असतात. गुजरातीत पायाला मुंग्या आल्या की ‘पगमां खाली चडी’ म्हणतात. नव्यानं बडोद्यात आलेल्या मराठी सुनेला डॉक्टरनं ‘खाली चडे छे?’ विचारलं तर ती पायाखाली बघेल. आपण ज्याला अंग कसकसणं म्हणतो त्याला तिथे ‘कळतर’ म्हणतात. आपल्या ‘कळ’शी त्याचा गोंधळ व्हायला वेळ लागत नाही.

१९३१ साली सयाजीराव महाराजांच्या दरबारानं ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश प्रसिद्ध केला. कारभाराच्या एकेका शब्दाला गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी, बंगाली पर्याय शेजारी शेजारी मांडले. कचेरीत शब्द चुकला तर रयतेचं नुकसान होतं, ही त्यामागची जाण होती. दवाखान्यात शब्द चुकला तर काय होतं ते मी पाहिलं आहे.

तेव्हा माझी मागणी छोटी आहे. इथे जमलेल्या शिक्षकांनी यंदा आपल्या वर्गाला एक काम द्यावं. प्रत्येक विद्यार्थ्यानं घरातल्या आजी-आजोबांकडून दुखण्याचे दहा शब्द आणावेत, ते दुखणं कुठे आणि कसं असतं ते एका वाक्यात लिहावं, आणि आपल्या गावात चालणाऱ्या भाषेत त्याला काय म्हणतात ते शेजाऱ्याला विचारून शेजारी लिहावं. नेमका शब्द मिळाला नाही तर साध्या वाक्यात सांगावं. ‘आतून भरल्यासारखं, ताणल्यासारखं वाटतंय’ एवढं हिंदीत सांगणं मला त्या रात्री अवघड नव्हतं. अकादमीनं हे शब्द गोळा करून केंद्रागणिक एकेक पान छापावं आणि ते खेळाच्या मैदानांवर आणि दवाखान्यांत लावावं. खर्च फार नाही.

गेल्या महिन्यात नात मैदानावर गेली होती. अजून सूर मारत नाही. लहान मुलींना पाटीवर बसायला शिकवते. एक मुलगी पडली. प्रशिक्षकांनी विचारलं, “किती लागलं?” नातीनं वाकून तिला विचारलं, “कसं दुखतंय? सांग, मला मराठी येतं.”