पान्हा कोणाच्या हातात?

(बोरगाव मेघे येथील महिला मेळाव्यातील भाषण)



घरी बांधलेल्या विमानात रेडिओची अँटेना कशी बसवतात, हा विषय ऐकून काहीजणी हसल्या. इथे एस.टी. वेळेवर येत नाही आणि ही बाई विमानाचं बोलते! पण सौदामिनी देशमुख यांनी 1985 साली फक्त महिला असलेल्या चमूसह इंडियन एअरलाइन्सचं विमान चालवलं, त्याला आता किती वर्षं झाली! खुर्चीपर्यंत बाई पोचली. पत्र्याला भोक पाडणाऱ्या, तारा जोडणाऱ्या हातांत ती किती दिसते? माझा प्रश्न तो आहे.

विमान घरी बांधता येतं. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत, कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. 2016 साली ते प्रदर्शनात मांडलं गेलं, 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली, उड्डाणाची परवानगी मिळायला 2019 उजाडलं.

अशा विमानासाठी रेडिओ विकत आणतात. अँटेना मात्र हाताने करता येते. हिशेब शाळेतल्या भागाकाराचा आहे. वैमानिक विमानतळाशी बोलतो ते 118 ते 137 मेगाहर्ट्झवर. मधला आकडा 127 घ्या. 300 ला 127 ने भागलं की लहरीची लांबी येते, सुमारे 2.36 मीटर. तिचा चौथा हिस्सा 59 सेंटीमीटर. सळई त्याहून जरा आखूड, 56 च्या आसपास ठेवतात. ब्लाउज बेतणारीला हे अवघड आहे का?

सळई उभी लागते, कारण विमानतळाची अँटेनाही उभी असते. आणि एकटी सळई पुरत नाही, तिच्या बुडाशी धातूची जमीन लागते. विमान पत्र्याचं असेल तर पत्राच ती जमीन होतो; मात्र तिथला रंग खरवडून धातू धातूला भिडवायचा, आणि वाऱ्याने सळई हलते म्हणून आतून जाड पट्टी लावायची. विमान लाकडाचं किंवा फायबरग्लासचं असेल तर तांब्याच्या चार पट्ट्या, सळईएवढ्याच लांब, बुडापासून चार दिशांना पसरायच्या. कार्बन फायबरच्या आत मात्र अँटेना लपवू नये, ते लहरी अडवतं.

रेडिओपासून अँटेनापर्यंतची केबल 50 ओहमची हवी. टीव्हीची 75 ची असते, ती चालत नाही. ती केबल इंजिनाच्या ठिणगीच्या तारांपासून दूर न्यायची, नाहीतर कानात खरखर येते.

शेवटी मोजमाप. एस.डब्ल्यू.आर. मीटर लावून किती शक्ती परत येते ते बघतात. आकडा दोनच्या आत असावा. तीन आला तर चौथा हिस्सा शक्ती माघारी फिरते. आकाशात असताना विमानतळाला आवाज पोचला नाही, तर जिवाशी गाठ आहे. म्हणून 'भाऊ म्हणाला ठीक आहे' यावर भागत नाही. मीटर आपण वाचायचा.

प्रक्षेपणाला सरकारी परवाना लागतो. हौशी रेडिओच्या परीक्षेला बारा वर्षं पूर्ण झालेली मुलगीही बसू शकते. तुमच्या मंडळातल्या मुलींना ही परीक्षा माहीत आहे का, एवढं आज घरी जाऊन विचारा. आणि घरातला मिक्सर बंद पडला तर पान्हा आधी मुलीच्या हातात द्या.