राणीच्या बागेत सासूबाई

आज हप्ते आणि कर्जफेड बाजूला ठेवू. आज सहलीला जाऊ.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुंबईला राणीची बाग बघायला गेलो. मुलांनी वर्षभर पेंग्विनचा धोशा लावला होता. सासूबाई मात्र यायला तयार नव्हत्या. "तुम्ही जा, मी घर राखते. म्हशीचं कोण बघणार?" हे वाक्य तुमच्याही घरात ऐकलं असेल. बासष्ट वर्षांची बाई, पण आयुष्यातला सगळा प्रवास माहेरचा, लग्नकार्याचा नाहीतर दवाखान्याचा. शेवटी म्हैस एक दिवस शेजारच्या काकूंवर सोपवली आणि त्यांना घेऊनच निघालो.

आसनगावहून सकाळची लोकल धरली, भायखळ्याला उतरलो. तिथून बाग चालत जाण्यासारखी आहे. आम्ही आधी बुधवार ठरवला होता. पण बुधवारी बाग बंद असते, हे एका मैत्रिणीने वेळेवर सांगितलं म्हणून फेरा वाचला. आम्ही गेलो तेव्हा आईवडील आणि दोन मुलं मिळून शंभर रुपयांचं तिकीट होतं.

मुलं थेट पेंग्विनकडे पळाली. काचेआड थंड खोलीत ते पाण्यात सुळकन फिरत होते. धाकटा म्हणाला, "बर्फ कुठंय?" तर हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन. त्यांचं गाव बर्फात नाही, दक्षिण अमेरिकेत पेरू आणि चिली देशांच्या किनाऱ्यावर आहे. तिथला समुद्र थंड असतो. पुढे वाघ झोपलेला होता. काही पोरं आरडाओरडा करत होती, आमच्यानेही काचेवर हात उगारला. मी हात धरला. म्हटलं, "तू झोपलास आणि कुणी दार बडवलं तर?" मग गप्प उभा राहिला.

एवढ्यात मागे बघते तर सासूबाई नाहीत! छातीत धस्स झालं. एवढी गर्दी, त्यांच्याकडे फोन नाही. धावत मागे आले, तर त्या एका झाडाच्या बुंध्यावर हात ठेवून शांत उभ्या.

"अगं, हा सीताअशोक. माझ्या माहेरी देवळामागं होता. याची साल बायकांच्या दुखण्यावर वैदू न्यायचा."

थोरला म्हणाला, "आजी, अशोक आमच्या शाळेत आहे. उंच, सरळ असतो."

"तो खोटा अशोक. खरा हा."

पाटी वाचली. आजी बरोबर होत्या.

मैत्रिणींनो, तिथून पुढची सहल त्यांनी चालवली. बकुळ त्यांनी पानावरून ओळखली. कैलासपतीचं फूल मुलांना दाखवलं. ते खोडालाच लागतं आणि आत पिंडीवर नागाने फणा धरावा तसं दिसतं. गोरखचिंच मात्र त्यांना नवीन होती. मूळ आफ्रिकेतलं झाड, बुंधा अवाढव्य. पावसाचं पाणी बुंध्यात साठवून ते कोरडे महिने काढतं, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आपल्या पिंपासारखंच की."

ही बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. ती आधी झाडांचीच बाग, प्राणी नंतर आले. आता तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले यांच्या नावावर आहे. आपण मात्र पिंजऱ्यांमधून पळत सुटतो आणि एवढी जुनी झाडं बघायची राहून जातात. ज्या झाडांबद्दल आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांना माहिती असते, ती आपण त्यांना कधी विचारतही नाही.

परतीच्या लोकलमध्ये मुलं झोपली. सासूबाई गुडघे चोळत होत्या. बाहेर बघत म्हणाल्या, "पाय चांगले होते तेव्हा यायला पाहिजे होतं गं."

मला काही बोलता आलं नाही. पाय चांगले होते तेव्हा त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. लग्नानंतरची दहा वर्षं मीही नाही.

गावी आल्यावर गटाच्या बैठकीत मी हा विषय मांडला. सहलीसाठी कर्ज काढायचं नाही, बचतीलाही हात लावायचा नाही. दर महिन्याला प्रत्येकीने वीस रुपये वेगळ्या पिशवीत टाकायचे. वर्षाचे दोनशे चाळीस होतात, जवळच्या एका दिवसाच्या सहलीला मोठा आधार. डबा, पाणी घरचं. आणि एक अट सगळ्यांनी मिळून घातली. प्रत्येकीने घरातली एक वडीलधारी बाई सोबत आणायची आणि त्या दिवशी तिच्या हातात पिशवी द्यायची नाही.

तुमच्या जवळ जी बाग असेल तिथे जा. सकाळी लवकर जा, दुपारी जनावरं झोपतात. त्यांना काही खायला घालू नका, प्लास्टिक तिथे टाकू नका. आणि झाडाजवळ कुणी म्हातारी थांबली, तर "चला, उशीर होतोय" म्हणू नका. तुम्हीही तिच्याबरोबर थांबा.

येते. नमस्कार.