जुन्या शाळेची धूळ



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर विद्वानांनी उभे राहावे असा रिवाज आहे. आमचे शालेय शिक्षण सातवीत संपले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके आणि कामगारांचे अर्ज वाचता वाचता. ज्याला शाळा अर्ध्यावर सोडावी लागली त्यानेच शाळेच्या इमारतीविषयी बोलावे, यात थोडी गंमत आहे खरी. परंतु इमारत बांधणारे आणि पाडणारे हात आमच्या रोजच्या ओळखीचे आहेत. तेवढ्याच अधिकाराने आम्ही बोलणार आहोत.

जुनी शाळा बंद पडली, की गावात दोन पक्ष होतात. एक म्हणतो, पाडा आणि नवे बांधा. दुसरा म्हणतो, वाडवडिलांची आठवण आहे, जपा. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. पण तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही: या भिंतींत, छपरात, रंगात आहे काय, आणि पाडताना किंवा दुरुस्त करताना ते कोणाच्या छातीत जाणार?

पुण्याच्या भिडेवाड्याचे उदाहरण घ्या. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बुधवार पेठेतल्या या वाड्यात मुलींची शाळा काढली. पुढे शाळा गेली, दुकाने आली, वाडा जीर्ण झाला. स्मारकाची मागणी झाली, भाडेकरूंचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि अखेर डिसेंबर २०२३ मध्ये महानगरपालिकेने जागा ताब्यात घेऊन स्मारकासाठी वाडा पाडला. वर्तमानपत्रांत आम्ही वाचले ते जागेविषयी, मोबदल्याविषयी, इतिहासाविषयी. पाडकाम करणाऱ्या माणसांविषयी काही वाचल्याचे आम्हांला आठवत नाही. आणि याच जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. ती देशातली पहिली कामगार संघटना मानली जाते. शाळा आणि कामगार ही दोन खाती त्या माणसांनी वेगळी ठेवली नव्हती. ती आपण वेगळी केली.

आता जुन्या इमारतीत काय काय असते ते पाहू. पहिला सिमेंटचा पत्रा. गेल्या शतकात शाळा, गोदामे, कामगारांच्या वसाहती यांवर तो सर्रास चढला. स्वस्त, आणि गंजण्याची भीती नाही. त्यात सुमारे दहावा हिस्सा ॲस्बेस्टॉसचा तंतू असतो. पत्रा धड आहे तोवर तंतू सिमेंटात अडकून राहतो. घण पडला, करवत चालली, की तो धुळीत मोकळा होतो. डोळ्यांना दिसत नाही, खोकलाही लगेच येत नाही. फुप्फुसाचा आजार किंवा कर्करोग वीस, तीस, चाळीस वर्षांनी उभा राहतो. तोवर ठेकेदार कोण होता हेही कोणाला आठवत नाही. दुसरा जुना रंग. घरगुती रंगातल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा आपल्याकडे लागू झाली ती २०१७ साली. त्याआधीचे थर दारे-खिडक्यांवर असतात. ते कोरडे घासले, की शिसे धुळीत उतरते आणि धुळीतून मुलांच्या पोटात. तिसरी प्रयोगशाळा. फुटलेल्या थर्मामीटरचा पारा फरशीच्या सांध्यांत जाऊन बसतो आणि त्याची वाफ होत राहते.

काही वर्षांपूर्वी एका गावी जुन्या शाळेचे छप्पर उतरविण्याचे काम निघाले. गावाचे आणि ठेकेदाराचे नाव आम्ही घेत नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा पत्रे वरूनच खाली टाकले जात होते, बिगारी ते घणाने फोडीत होते आणि बाया तुकडे पाटीत भरून डोक्यावरून नेत होत्या. तोंडाला पदर, एवढेच संरक्षण. आम्ही काम थांबविले. पत्रे पाण्याने भिजवावे, बोल्ट सोडवून अखंड उतरवावे, जाड प्लास्टिकमध्ये बांधावे, तंतू अडविणारे मास्क द्यावे, एवढे ठरेपर्यंत दोन दिवस गेले. एका बाईने आम्हांला विचारले, “दादा, धुळीनं मरायला वीस वर्षं लागतील म्हणता, आजची मजुरी कोण देणार?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. दोन दिवसांपैकी एकाच दिवसाची मजुरी आम्ही मिळवू शकलो. आणि फुटके तुकडे? ते लोकांनी आधीच गोठ्याला, खुराड्याला नेले होते. घरोघर फिरलो; सगळे परत मिळाले नाहीत. हा आमचा पराभव होता, आणि तो सांगितल्यावाचून पुढचे बोलणे शोभणार नाही.

त्या बाईच्या प्रश्नातून आम्ही शिकलो ते असे: तपासणी आधी, टेंडर नंतर. जुने मास्तर, शिपाई, गवंडी यांना विचारावे. छपराचे, रंगाचे, मातीचे नमुने प्रयोगशाळेत पाठवावे. कोठे काय आहे याचा लेखी नकाशा करावा. मग सफाईचा खर्च, आणि सफाईपायी जे दिवस काम बंद राहील त्यांची मजुरीही, अंदाजपत्रकातच धरावी. अमेरिकेत १९८६ साली कायदा झाला, की प्रत्येक शाळेने आपली इमारत तपासावी, ॲस्बेस्टॉसचा लेखी आराखडा ठेवावा, दर तीन वर्षांनी फेरतपासणी करावी. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरविला, आणि ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षे किंवा काम सुटल्यावर १५ वर्षे, जी मुदत उशिरा संपेल तोवर, ठेवावी असे सांगितले. पण तीन दिवसांच्या पाडकामावर आलेल्या बिगाऱ्याची नोंद ठेवतो कोण?

अलोऱ्याला धूळ नवी नाही. कोयनेच्या तिसऱ्या टप्प्याचे वीजघर येथे उभे राहिले. त्या प्रकल्पासाठी सह्याद्री पोखरून बोगदे निघाले. ज्यांनी खडकाची धूळ गिळली, त्यांची मुले याच परिसरात पाटी घेऊन शाळेत बसली. उद्या एखादी जुनी इमारत पाडायची किंवा तिचे वाचनालय करायचे निघेल. जरूर करा. पण ग्रामसभेत एक प्रश्न विचारा: अंदाजपत्रकात धुळीचा खर्च कोणाच्या नावावर मांडला आहे? तेथे कोरी जागा दिसली, तर तो मजुराच्या नावावर मांडला आहे असे समजा, आणि सही करू नका.