विस्मरणातही जे उरते
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आपल्या मंदिरात येणाऱ्या एका वयोवृद्ध आजींना हल्ली नातवाचे नाव आठवत नाही. सकाळी जेवण झाले की नाही, हेही सांगता येत नाही. मात्र णमोकार मंत्र सुरू होताच त्यांचे हात जोडले जातात व एकही पद न चुकता त्या तो पूर्ण म्हणतात. "एवढे बरे लक्षात राहते!" असा टोमणा त्यांना घरात ऐकावा लागतो. तो अन्यायकारक का आहे, हे सांगण्यासाठी मी उभा आहे.

स्मृतीचे प्रकार अनेक आहेत. ऐकलेला दूरध्वनी क्रमांक फिरवेपर्यंत टिकते ती अल्पकालीन स्मृती. स्वतःच्या विवाहाचा दिवस आठवतो ती प्रसंगस्मृती. श्रवणबेळगोळ कर्नाटकात आहे, हे माहीत असणे ही ज्ञानस्मृती. पोळी लाटणे, सायकल चालविणे ही कौशल्यस्मृती.

अमेरिकेतील हेन्री मोलेसन यांच्यावर १९५३ साली अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर २००८ मधील निधनापर्यंत नवे प्रसंग त्यांच्या लक्षात राहत नसत. ब्रेंडा मिलनर या संशोधिकेने त्यांना आरशात पाहून चांदणी गिरवावयास दिली. तीन दिवसांत त्यांचा हात सफाईदार झाला; परंतु हे काम आपण पूर्वी केले आहे, याची त्यांना आठवण नव्हती. एक स्मृती नष्ट झाली तरी दुसरी शाबूत राहू शकते, हे त्यातून दिसून आले.

अल्झायमरच्या विकारात बहुधा प्रथम नव्या घटनांची स्मृती ढासळते. बालपणापासून असंख्य वेळा म्हटलेले पाठ आणि हाताच्या सवयी पुष्कळदा उशिरापर्यंत टिकतात. तत्त्वार्थसूत्रात मतिज्ञानाचे अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा असे भेद सांगितले आहेत. जाणलेले पुढे न विसरणे, ती धारणा. त्या आजींची साठ-सत्तर वर्षांची धारणा अजून त्यांच्यापाशी आहे.

म्हणून माझी नम्र विनंती आहे. "आजी, मी कोण? ओळख पाहू!" अशी त्यांची परीक्षा घेऊ नका. आपले नाव आपणच सांगा. रोज थोडा वेळ शेजारी बसून त्यांच्यासोबत मंत्र म्हणा. तेथे त्यांना कोणाचा हात धरावा लागत नाही. उलट आपणच एखादे पद चुकलो, तर त्या सुधारतील.

जय जिनेंद्र.